माजी सैनिक संस्था आणि निवडणूक: नव्या सरचिटणिसासाठी मार्गदर्शक

व्हाउचरवर लिहिलं होतं: "चहा-नाश्ता, रु. ३,४५०. साहेबांचा कार्यक्रम." ऑडिटरने त्या ओळीभोवती पेन्सिलने गोल काढला आणि विचारलं, "कोणते साहेब?"

त्या 'साहेबां'ची गोष्ट नोव्हेंबर २०२४ची. विधानसभेचं मतदान दहा-बारा दिवसांवर आलं होतं. मला सरचिटणीस होऊन पाचच महिने झाले होते. तोफखान्यात बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलेला माणूस मी, धर्मादायचे फॉर्म कधी हातात धरले नव्हते. एका जुन्या सभासदाने वीरपत्नींच्या सत्कारासाठी आमचा हॉल मागितला. सत्काराला नाही कोण म्हणणार? कार्यक्रमाच्या दिवशी जाऊन बघतो तर मागे दहा फुटी फ्लेक्स, त्यावर उमेदवाराचा हसरा फोटो आणि खाली आमच्या संस्थेच्या नावापुढे "जाहीर पाठिंबा". उमेदवार वीस मिनिटं बोलून गेला. शालीसुद्धा पक्षाच्याच रंगाच्या. संध्याकाळपर्यंत तो फोटो देवळाली कॅम्पपासून सातपूरपर्यंत सगळ्या फौजी ग्रुपांवर फिरला. मग तक्रार झाली, खुलासा मागणारं पत्र आलं आणि आर्थिक वर्ष संपल्यावर हा पेन्सिलचा गोल.

नाशिकमध्ये तोफखान्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर केलेले फौजी भरपूर. भगूर, नाशिकरोड, सिडको, पाथर्डी फाटा, कुठेही जा, एखादं माजी सैनिक मंडळ सापडतंच. दर दोन-तीन वर्षांनी पदाधिकारी बदलतात आणि नवा माणूस माझ्यासारखाच कोरा येतो. त्याच्यासाठी हे लिहितोय. मी वकील नाही. जिथे सीएला किंवा वकिलाला विचारायला हवं, तिथे तसं सांगितलं आहे.

१. संस्था कागदावर कोण आहे, ते आधी बघा

कपाटातून नोंदणी प्रमाणपत्र काढा. बहुतेक मंडळांची नोंदणी दुहेरी असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास. म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय हे तुमचं 'वरचं ऑफिस'. प्राप्तिकराची १२-ए (संस्थेला करसवलत) किंवा ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी असेल तर प्राप्तिकर विभागही आला. परदेशातून देणगी घेण्याची नोंदणी असेल तर आणखी सांभाळा, कारण २०१०चा विदेशी अंशदान कायदा राजकीय स्वरूपाच्या संघटनेला असा पैसा घेऊच देत नाही.

आता मूळ मुद्दा. न्यासाचा कायदा 'धर्मादाय हेतू' मोजून सांगतो: गरिबी किंवा संकटातल्यांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, करमणुकीच्या सोयी आणि सर्वसाधारण लोकोपयोगी काम. एखाद्या पक्षाला किंवा उमेदवाराला निवडून आणणं यात बसत नाही. करसवलत मिळते ती या हेतूंसाठी. पैसा दुसरीकडे गेला तर नोंदणी रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

१८६०च्या कायद्याची एक गंमत आहे. कोणत्या संस्था नोंदवता येतील, त्या यादीत सैनिकांच्या अनाथ मुलांचे निधी आहेत आणि 'राजकीय शिक्षणाचा प्रसार'सुद्धा आहे. आमच्या एका सभासदाने हे शब्द शोधून काढले आणि सभेत उभं राहून म्हणाला, "बघा, कायद्यातच आहे." आहे, पण शिक्षण म्हणजे मत कसं द्यायचं ते शिकवणं. कुणाला द्यायचं ते सांगितलं की तो प्रचार झाला.

दुसरा सापळा अमेरिकेतून येतो. "व्हेटरन्स संघटनांना राजकारण चालतं" असे फॉरवर्ड फिरतात. तिथल्या करकायद्यात माजी सैनिकांच्या संघटनांसाठी ५०१(सी)(१९) असं वेगळं कलम आहे आणि धर्मादाय संस्थांवर १९५४पासून असलेली उमेदवाराच्या प्रचाराची सरसकट बंदी त्या कलमाखालच्या संघटनांना तशीच्या तशी लागू नाही, हे खरं. पण त्यांतली सर्वांत मोठी, अमेरिकन लीजन, स्वतःच्या घटनेनेच स्वतःला पूर्णपणे अराजकीय म्हणवते. आणि मुख्य म्हणजे आपली संस्था नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे, वॉशिंग्टनला नाही.

१ एप्रिल २०२६पासून १९६१च्या जागी २०२५चा प्राप्तिकर कायदा लागू झाला, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना सगळे '१२-ए'च म्हणतात, पण पत्रात नवा आकडा सीएला विचारूनच टाका.

२. माणूस वेगळा, संस्था वेगळी

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

नोकरीत असताना आर्मी रूल्स १९५४च्या नियम २० प्रमाणे राजकीय सभेला जाणंसुद्धा बंद होतं. पेन्शनीवर आलो की ते बंधन सुटतं. माजी सैनिक पक्षात जाऊ शकतो, निवडणूक लढवू शकतो, घरावर झेंडा लावू शकतो. न्यासाचा विश्वस्त पक्षाचा सभासद असू नये, असंही कायदा म्हणत नाही. तेव्हा "तू त्या पक्षात गेलास, आता मंडळात येऊ नकोस" असं कुणाला म्हणू नका. ते चूक आहे आणि त्याने मंडळ फुटतं.

मात्र तो माणूस प्रचाराला जाईल तेव्हा मंडळाचा अध्यक्ष म्हणून नाही, स्वतःच्या नावाने जाईल. मी सभासदांना असं सांगतो: घरून निघताना मंडळाची टोपी खुंटीला टांगा, मग कुठेही जा. पत्रिकेवर 'निवृत्त सुभेदार अमुक' चालेल, ती त्याची स्वतःची कमाई आहे. 'अमुक माजी सैनिक संघाचे अध्यक्ष' चालणार नाही, ते पद सगळ्या सभासदांनी दिलेलं आहे.

पदाधिकारी स्वतःच उमेदवार असेल तर? आमच्याकडे आता नियम आहे की अर्ज भरायच्या आधी राजीनामा. नुसती रजा घेऊन भागत नाही, कारण सही, शिक्का आणि बँकेचा अधिकार त्याच्याचकडे राहतो. राजीनामा मंजूर झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करायचा अर्ज, जायला हवा. हे लोक हमखास विसरतात, आणि मग दोन वर्षांनी खातं चालवताना बँक जुन्याच माणसाची सही मागते.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. सभासदाचा मुलगा सेवेत असतो आणि सुट्टीवर घरी आलेला असतो. वडिलांबरोबर सभेला येतो आणि फोटोत सापडतो. वडिलांचं काही बिघडत नाही, पण नियम २० पोराला लागू आहे. त्याला दारातूनच घरी पाठवा.

३. निवडणूक लागायच्या आधी ठराव करा

आचारसंहिता लागल्यावर ठराव आणला की तो कुणाच्या तरी विरोधात आहे असंच वाटतं. म्हणून शांततेच्या दिवसांत करा. आधी घटना वाचा, 'संस्था अराजकीय राहील' असं वाक्य बहुतेक घटनांमध्ये एखाद्या कोपऱ्यात असतं. नसेल आणि ते उद्दिष्टांतच घालायचं असेल, तर १८६०च्या कायद्याचं कलम १२ बघा. खास सभा, तीन-पंचमांश मतं, महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि तिथेही तीन-पंचमांश. एवढा खटाटोप आत्ता झेपत नसेल तर सर्वसाधारण सभेचा साधा ठरावही पुष्कळ काम करतो. आमचा असा आहे:

"संस्थेचे नाव, बोधचिन्ह, लेटरहेड, शिक्का, हॉल, वाहन, निधी, सभासद यादी व व्हॉट्सॲप गट यांचा वापर कोणत्याही राजकीय पक्षाच्या वा उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात केला जाणार नाही. सभासदांचे वैयक्तिक राजकीय मत हे त्यांचे स्वतःचे राहील."

'किंवा विरोधात' हे दोन शब्द गाळू नका. "आम्ही कुणाला पाठिंबा दिला नाही, फक्त त्याला पाडा म्हणालो" ही पळवाट मी कानांनी ऐकलेली आहे. आणि सभासद यादी का? कारण पाचशे फौजी कुटुंबांचे मोबाइल नंबर हा निवडणुकीच्या काळात सोन्याचा ऐवज असतो आणि मागायला येणारा फार गोड बोलतो.

एका फाइलमध्ये हे सगळं असू द्या:
- नोंदणी प्रमाणपत्रं, दोन्ही कायद्यांखालची
- घटना व नियमावलीची प्रत
- परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा, चालू उतारा (विश्वस्तांची नावं आजची आहेत ना, ते तपासून)
- प्रलंबित बदल अर्जांच्या पोचपावत्या
- मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट
- वरचा ठराव, इतिवृत्ताच्या नकलेसह
- हॉलचं दरपत्रक आणि नोंदवही

४. हॉल

घोळ सुरू होतो तो इथेच. पैसा मागायला लोक लाजतात, हॉल मागायला नाही.

एक चुकीची समजूत आधी काढू. हॉल फुकट दिला म्हणजे कुणाचं नुकसान झालं नाही, असं नसतं. निवडणूक खर्चात फुकट मिळालेल्या वस्तूचीही किंमत धरतात. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला २०२२पासून खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे आणि त्याचा हिशेब निरीक्षक ठेवतात. तुमचा फुकट हॉल, खुर्च्या, माइक हे सगळं त्याच्या खात्यात लागू शकतं. म्हणजे ज्याला मदत करायला निघालो त्यालाही नोटीस. आमच्या त्या उमेदवाराच्या माणसानेच मला नंतर फोन करून विचारलं, "काका, भाड्याची पावती मिळेल का हो, मागच्या तारखेची?" मागच्या तारखेची पावती देऊ नका. कधीच.

आता रस्ते दोनच. हॉल सगळ्यांना भाड्याने द्यायचा असेल तर छापील दर, लेखी अर्ज, आगाऊ पैसे, पावती आणि जो आधी येईल त्याला आधी. लग्नाला जो दर तोच पक्षाला, ना कमी ना जास्त. भाड्याच्या उत्पन्नाचा करावर काय परिणाम होतो ते सीएला विचारा, न्यासाला त्याच्याही मर्यादा आहेत. दुसरा रस्ता म्हणजे आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत पक्षाला किंवा उमेदवाराला हॉल द्यायचाच नाही. आम्ही दुसरा धरला. उत्पन्न बुडतं, पण नाही म्हणायला सोपं जातं: "साहेब, कुणालाच देत नाही, हा बघा ठराव."

सत्कार, हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, २८ सप्टेंबरचा तोफखान्याचा गनर्स डे, अशा नावांनी हॉल मागितला जातो. अर्जावर तीन प्रश्न छापून घ्या: प्रमुख पाहुणे कोण? फ्लेक्सचा मजकूर काय? खर्च कोण करणार? त्या दिवशी मी हे तीन प्रश्न विचारले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी स्वतः जाऊन फ्लेक्स बघा. फ्लेक्स लागल्यावर शंभर माणसांसमोर तो उतरवायला जिगर लागते. माझ्यात ती नव्हती.

निवडून आलेला आमदार किंवा नगरसेवक एरवी, निवडणूक नसताना, पाहुणा म्हणून येऊ शकतो. रस्ता, पाणी, पथदिवे त्याच्याकडूनच करून घ्यायचे असतात. फक्त गळ्यातलं उपरणं बाहेर ठेवायला सांगा. हसत सांगितलं तर बहुतेक जण ठेवतात.

५. पैसा

इथे फारसं लिहिण्यासारखं नाही, कारण नियम सरळ आहे: न्यासाच्या निधीतून पक्षाला, उमेदवाराला किंवा त्यांच्या कार्यक्रमाला एक रुपयाही नाही. चहाही नाही. 'साहेबांचा कार्यक्रम' लिहिलेले ते ३,४५० रुपये शेवटी मी आणि खजिनदाराने निम्मे-निम्मे करून संस्थेच्या खात्यात भरले.

उलट दिशेने आलेल्या पैशाकडेही बघा. निवडणुकीच्या तोंडावर कुणी एकदम पत्र्याची शेड किंवा साउंड सिस्टिम द्यायला निघालं, तर "मतमोजणीनंतर या" म्हणा. आमच्याकडे एक जण खरोखरच नंतर येणार होता. अजून आलेला नाही.

६. फ्लेक्स, पत्रक, लेटरहेड, व्हॉट्सॲप

उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर जाहिरात, पत्रक, सभा असा खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे. दंड १०,००० रुपयांपर्यंत. खर्च दहा रुपयांच्या आत असेल तर दहा दिवसांत परवानगी घेऊन सुटता येतं. ही सवलत जुन्या कायद्यातून तशीच उचललेली दिसते, आज दहा रुपयांत शालीमारला एक चहाही मुश्किलीने मिळतो. आणि सापळा असा की लेखी परवानगी घेतली तर हा गुन्हा टळेल, पण न्यासाचा पैसा धर्मादाय हेतूबाहेर गेला हे तसंच राहील.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत पत्रक किंवा फ्लेक्सवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतोच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचं नाव न विचारता कुणी टाकलं असेल तर त्या ओळीवरून कुणाला पकडायचं ते कळतं. आमच्या फ्लेक्सवर ती ओळच नव्हती.

सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नयेत, असं निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ला पक्षांना कळवलं होतं आणि ९ मार्च २०१९ला त्याची पुन्हा आठवण करून दिली. ती सूचना पक्षांना आहे. पण आपल्या मंडळाच्या भिंतीवरचा फोटो काढून प्रचाराच्या फ्लेक्सवर गेला तर विचारणा आपल्याकडेही होते.

लेटरहेडबद्दल २०१९ची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सैन्याचा राजकीय वापर थांबवा, असं सांगणारं दीडशेवर माजी अधिकाऱ्यांच्या नावांचं पत्र राष्ट्रपतींच्या नावे फिरलं. त्यातल्या काही ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आपण संमती दिलीच नव्हती असं जाहीर केलं, आणि चर्चा मूळ विषय सोडून सह्यांवर गेली. म्हणून कुठल्याही निवेदनावर ज्याचं नाव त्याची सही, शाईने. "सगळ्यांची हो आहे" असं फोनवर सांगितलेलं धरू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव मंडळाचं असेल तर तो मंडळाचाच समजा. आमच्याकडे आचारसंहितेच्या काळात फक्त ॲडमिन लिहितात. कॅन्टीनच्या वेळा, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) सूचना, कुणाच्या निधनाची बातमी, एवढंच. राजकारणावर बोलायला पोरांनी दुसरा ग्रुप काढला आहे, त्यात मंडळाचं नाव नाही. तिथे काय चालतं ते मी बघत नाही.

७. काय करता येतं, तेही बरंच आहे

अराजकीय म्हणजे मुकं नव्हे. 'एक पद, एक पेन्शन'साठी माजी सैनिक जून २०१५पासून जंतरमंतरवर बसले, ५ सप्टेंबर २०१५ला सरकारने घोषणा केली. ती मागणी सरकारकडे होती, अमक्याला मत द्या अशी नव्हती. सर्वोच्च न्यायालयानेही २०२०मध्ये विदेशी देणग्यांच्या नियमांबाबत निकाल देताना हाच फरक धरला: लोकांच्या प्रश्नासाठी आंदोलन केलं म्हणून संस्था राजकीय ठरत नाही, पक्षीय राजकारणाशी संबंध असेल तर ठरते.

तेव्हा मागण्यांचं निवेदन करा, पण सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, शब्द न् शब्द तेच. सगळ्यांना बोलवून प्रश्नोत्तरं ठेवायची तर सगळ्यांना एकच पत्र, सारखा वेळ, आणि कोण आधी बोलणार ते चिठ्ठी टाकून. तीनच आले तर बाकीच्यांना पत्र दिल्याची पोच जपून ठेवा.

मतदार नोंदणी हे आपल्यासारख्या मंडळाने करावं असं सर्वांत उपयोगी काम. नोकरीत असताना नाव 'सेवा मतदार' म्हणून नमुना २ वर असतं. निवृत्त झाल्यावर घरच्या पत्त्यावर नमुना ६ भरावा लागतो. अनेकांना वाटतं ते आपोआप होतं. होत नाही. मग मतदानाच्या दिवशी बायकोचं नाव यादीत असतं आणि सुभेदार साहेब बाहेर उन्हात उभे. दर निवडणुकीआधी एक रविवार टेबल मांडून हे फॉर्म भरून घ्या.

एक शंका नेहमी येते. माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीच्या राज्य सरकारच्या योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. ते फलकावर लिहिलं तर प्रचार होतो का? सरकारी योजनेचं अधिकृत नाव सूचना म्हणून लिहायला हरकत नाही. त्याखाली फोटो, चिन्ह किंवा "यांच्या कृपेने" लिहू नका.

८. तरीही पत्र आलंच, तर

तक्रार बहुतेक वेळा निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून जाते. तिथे फोटोबरोबर ठिकाणही नोंदलं जातं आणि शंभर मिनिटांत दखल घ्यायची असं त्यांचं गणित आहे. म्हणून "तो फोटो आमच्या हॉलचा नाहीच" हे सुचलं तरी लिहू नका. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेची भारत निवडणूक आयोग. पत्र कुणाकडून आलं ते बघूनच पत्ता लिहा. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत ओळखीच्या एका मंडळाचा खुलासा भलत्याच ऑफिसात जाऊन पडला होता.

मी पहिला खुलासा तीन पानी लिहिला होता, त्यात माझी सर्व्हिस, मेडल, कुठे कुठे पोस्टिंग, सगळं आलं होतं. आमच्या सीएने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "काका, त्यांनी हे विचारलेलं नाही." शेवटी जो गेला तो असा: कार्यक्रम कुणी, कोणत्या कारणासाठी मागितला, फ्लेक्सला संस्थेची संमती नव्हती, संस्थेने कोणालाही पाठिंबा दिलेला नाही, अमुक तारखेच्या कार्यकारिणीत ठराव केला, नक्कल सोबत. सहा ओळी, मुदतीच्या आत. खाली एकाच माणसाची सही, ज्याला घटनेने पत्रव्यवहाराचा अधिकार दिला आहे त्याची.

दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. टेबलावरचा माणूस "ठेवून जा, बघतो" म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.